क्रेनवाल्याचं पोट

आमच्या दाजींना साइटवर सगळे 'काउंटर' म्हणतात. दुकानातला काउंटर नव्हे. उंच क्रेनच्या मागच्या शेपटीला काँक्रीटचे ठोकळे लावलेले असतात, पुढे उचललेल्या मालाचा तोल राखायला. त्यांना म्हणतात काउंटरवेट. आता एकशे बेचाळीस किलोचा माणूस क्रेन चालवायला लागल्यावर साइटवरचे टवाळ लोक त्याला दुसरं काय म्हणणार? "काउंटर वर गेले, आता ठोकळे काढले तरी चालेल," हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की कोणी नुसतं तोंड उघडलं तरी पुढचं मीच म्हणून टाकतो. दाजी स्वतः हसायचे. सगळं हसण्यावारी न्यायची कला होती त्यांच्याकडे. मला नाही ती. मी भांडतो.

मी त्यांचा मेहुणा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, आणि कामावर त्यांचा सिग्नलवाला. ते वर केबिनमध्ये, मी खाली जमिनीवर. सळयांचा भारा हुकात अडकवला की मी हाताने खूण करायची, वॉकीटॉकीवर दोन शब्द बोलायचे, आणि त्यांनी उचलायचं. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून माझं नाव 'शिट्टी'. एका घरात काउंटर आणि शिट्टी दोघं असल्यावर ताईचं काय होत असेल, तुम्हीच बघा.

दाजी लग्नात काडीसारखे होते. फोटो आहे, खोटं वाटत असेल तर दाखवतो. तेव्हा ते क्रेनच्या दोरांना ग्रीस लावायचे. माकडासारखे चढायचे म्हणे. मग एका म्हाताऱ्या ऑपरेटरने त्यांना शेजारी बसवून क्रेन हलवायचे दांडे कसे धरायचे ते शिकवलं, आणि पठ्ठ्या असा शिकला की बास. दाजी माल ठेवायचे तेव्हा आवाज यायचा नाही. भरलेली बादली ठेवतानासुद्धा बायका दाणकन ठेवतात, पण दाजींनी टनभर सळया ठेवल्या तरी खालची धूळ उडायची नाही. मी नुसतं बोट हलवायचो आणि वर त्यांना कळायचं. कधी कधी बोट हलवायच्या आधीच कळायचं.

आणि तिथेच ते फुगले. सकाळी एकदा शिडी चढली की संध्याकाळीच उतरायचं. एवढी उंच शिडी दिवसातून दोनदा कोण चढणार? डबा, पाणी, केळी, बिस्किटांचे पुडे, सगळं बादलीत घालून आम्ही दोरीने वर पाठवायचो. दोन उचलींच्या मधे कधी अर्धा तास नुसतं बसून राहायचं. खाली मिस्त्री घोळ घालतोय, वर दाजी बिस्किटं खातायत. हात तेवढे हलायचे, बाकी देह खुर्चीत. वजन वाढलं, मागोमाग साखर आली, गुडघे गेले. ताई ओरडायची. "उंटावरून शेळ्या हाकताय, जरा पायही हाका!" दाजी हसायचे आणि आणखी एक अंडं मागायचे.

मग कंपनीत सुरक्षेचा नवा साहेब आला. त्याने केबिनमधल्या माणसाला अडचणीत खाली उतरवायचा दोर तपासला. दोरावर लिहिलेलं होतं, एकशे वीस किलो. साहेबाने दाजींना वजनकाट्यावर उभं केलं, आणि त्याच दिवशी त्यांचं वर जाणं बंद. साहेब वाईट नव्हता हो. "काका, उद्या वर तुम्हाला काही झालं तर मी तुम्हाला उतरवू कसा?" असं म्हणाला. याच्यावर काय बोलणार? दाजींना हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. पाने द्यायचे, पाने घ्यायचे. पहिल्याच आठवड्यात तिथली प्लास्टिकची खुर्ची त्यांच्याखाली मोडली आणि अख्खं स्टोअर हसलं. त्या दिवशी मात्र दाजी हसले नाहीत.

त्यांना पुन्हा वर जायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं. उपाशी राहून झालं, चालून झालं, गुडघ्याला पट्टा बांधून झालं. दहा किलो जायचे, बारा यायचे. शेवटी साखरेच्या डॉक्टरांनीच सांगितलं, आता ऑपरेशनचा विचार करा, नाहीतर डोळे आणि पाय दोन्ही धोक्यात आहेत.

त्या ऑपरेशनच्या डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या खोलीत हात नसलेल्या रुंद खुर्च्या होत्या. दाजींनी बसायच्या आधी खुर्ची हाताने दाबून बघितली. मीही बघितली.

"फुगा टाकतात ना पोटात?" दाजींनी आपणहून विचारलं. कोणीतरी सांगितलेलं.

"टाकतात, आणि काही महिन्यांनी काढतातही. तुमच्या वजनाला आणि साखरेला तो पुरणार नाही." बाईंनी कागद ओढला आणि चित्र काढायला घेतलं. "तुमच्यासाठी दोन मार्ग. पहिला, स्लीव्ह. पोटाची पिशवी उभी कापायची, मोठा भाग काढून टाकायचा. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. भूक कमी लागते, थोडक्यात पोट भरतं. काढलेलं मात्र परत बसवता येत नाही."

"आणि दुसरा?"

"बायपास. पोटाचा वरचा छोटा कप्पा वेगळा करायचा आणि आतड्याला थोडं पुढे नेऊन जोडायचा. अन्न मधला रस्ता टाळून जातं. साखरेवर याचा असर जास्त चांगला. पण जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, आणि गुडघ्यासाठी तुम्ही घेता तसल्या वेदनेच्या गोळ्या बंद. गोड खाल्लं किंवा भराभर खाल्लं तर काहींना धडधड होते, घाम फुटतो, चक्कर येते. क्वचित जेवल्यानंतर तास-दोन तासांनी साखर एकदम खाली जाते."

दाजींनी मधलं सगळं सोडून एकच शब्द धरला. "चक्कर?"

"येऊ शकते."

चक्कर! आकाशात टांगलेल्या पेटीत बसलेला माणूस, हुकाला टनभर लोखंड, आणि त्याच्या खाली मी. दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि खोलीतून बाहेर पडेपर्यंत दोघांचं ठरून गेलेलं होतं. स्लीव्ह.

घरी ताईने विचारलं, "त्यांनी काय करा म्हटलं?"

"दोन्ही चांगली आहेत म्हणाल्या," दाजी म्हणाले. अर्धवट सांगायचं आणि वर शांत चेहरा ठेवायचा. ताईने माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायला उठलो.

साइटवर ही बातमी पसरली आणि जो तो वैद्य झाला. वेल्डर म्हणाला, "आतड्याला हात लावला की माणूस संपला." त्याच्या साडूने पोटाला पट्टा बसवून घेतलेला, तो पुढे काढावा लागला, ते त्याने तीनदा सांगितलं. सळई बांधणारा म्हणाला, ऑपरेशन कशाला, रोज गरम पाणी प्या. मी म्हणालो, तूच पी आणि गप्प बस. खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसलेली होती. दाजींच्या जागी जो नवा ऑपरेटर आला होता, त्याचा हात कच्चा. दांडा ओढायचा तर झटका द्यायचा. भारा माझ्या डोक्यावर झोके घ्यायचा आणि मी शिट्टी दातात घट्ट धरून आई-बापाला आठवायचो. दाजी परत वर गेले पाहिजेत, हे त्यांना जितकं वाटत होतं तितकंच मलाही. कदाचित जास्तच.

पुढच्या भेटीला ताई आली. येऊ नकोस म्हटलं तरी आली. "नवरा माझा, पोट त्यांचं, आणि ठरवणार तुम्ही दोघं? वा रे वा!"

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनच्या आधीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोपेत घोरता का, हो. दम लागतो का, हो. तंबाखू, कधीच नाही. "आडवं झाल्यावर घशाशी आंबट येतं?"

"नाही," दाजी म्हणाले.

"छातीत जळजळ? पहाटे खोकला?"

"अजिबात नाही."

दाजी खोटं बोलत नव्हते, देवाशपथ. आणि बाई तसं लिहू लागल्यासुद्धा. तेवढ्यात ताई म्हणाली, "अहो, पण तुम्ही आडवे होताच कुठे?"

बाईंचं पेन थांबलं.

आता हे क्रेनवाल्यांचं खूळ तुम्हाला सांगायला हवं. जुने ऑपरेटर दुपारी केबिनमधल्या खुर्चीतच डुलकी काढतात. दांड्यांना कुलूप घातलं की मान मागे टाकायची. वर्षानुवर्षं हे केलं की पलंगावर झोप येत नाही म्हणतात. सगळेच म्हणतात, म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नाही. एक जुनी क्रेन भंगारात निघाली तेव्हा दाजींनी तिची खुर्ची मागून घेतली, घरी आणून लाकडी चौकटीवर पक्की बसवली, आणि तेव्हापासून ते तिच्यातच झोपतात. ताई पलंगावर, हे खिडकीशी खुर्चीत. आलेल्या पाहुण्यांना आम्ही कौतुकाने दाखवायचो. बघा, कामावर जीव असावा तर असा!

"मागे माझ्या आईकडे एक रात्र खाटेवर झोपले होते," ताई सांगू लागली. "सारखे खोकत होते. उठून बसले, तेव्हा कुठे थांबलं. म्हणाले, मला सवय नाही आडवं व्हायची. मला खरं वाटलं."

"मलाही खरंच वाटलं होतं," दाजी हळूच म्हणाले.

बाईंनी कागदावर आधीचं खोडलं. "बसून झोपलं की आम्ल वर येत नाही, म्हणून तुम्हाला कळलं नसेल. तोंडातून दुर्बीण घालून बघू या," म्हणाल्या. "ते बघितल्याशिवाय मी काही ठरवत नाही."

दुर्बीण झाली. अन्ननळीचं खालचं तोंड भाजल्यासारखं लाल, दोन ठिकाणी जखमा, आणि पोटाचा थोडा भाग वर छातीकडे सरकलेला. बाईंनी पडद्यावर दाखवलं. मी बघितलं नाही. ताईने मात्र डोळे रोखून सगळं बघितलं.

"स्लीव्हनंतर आम्लाचा त्रास वाढण्याची शक्यता असते, आणि तुम्हाला तो आधीच एवढा आहे," बाई म्हणाल्या. "सरकलेला भाग जागेवर आणून स्लीव्ह करता येते, पण पुढे जळजळ आवरेनाशी झाली तर बायपाससाठी दुसऱ्यांदा पोट उघडावं लागेल. माझं मत बायपास. पण पोट तुमचं आहे. पुढच्या आठवड्यात सांगा."

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. सगळ्यांचा जीव टांगणीला. दाजी जेवताना थांबायचे, पुन्हा घास घ्यायचे. ताई काहीच बोलेना. ती बोलली नाही की घर खायला उठतं. तिने एकदा तरी ताट आपटावं म्हणून मी वाट बघत होतो.

त्याच आठवड्यात एका दुपारी नवा ऑपरेटर फळ्यांचा गठ्ठा उचलत होता. उचल तिरकी झाली. गठ्ठा फिरला आणि सरळ भिंतीकडे निघाला. भिंतीपाशी दोघं जण माल लावत होते. मी जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली, दोघं उड्या टाकून बाजूला झाले, गठ्ठा भिंतीला घासून थांबला. कोणाला काही झालं नाही. वळून बघतो तर दाजी स्टोअरच्या दारात, दोन्ही हात समोर धरलेले, मुठी वळलेल्या. हवेतच दांडे मागे ओढत होते.

मी त्यांना आत नेलं, पाणी दिलं. आणि बोलून टाकलं. "दाजी, स्लीव्हच करून घ्या. जळजळीच्या गोळ्या मिळतात. जग खातं. सहा महिन्यांत वर जाल."

"तुला काळजी माझी की तुझ्या डोक्याची?"

"दोन्हींची! त्यात लाज कसली?"

ते थोडं हसले. मग पान्यांच्या फळीकडे बघत म्हणाले, "शिट्टी, तुला वाटतं मला क्रेनचं वेड आहे. सगळ्यांनाच वाटतं. तसं नाही रे. वर मला कोणी बघत नाही. बसमध्ये शिरलो की लोक आधी शेजारची सीट बघतात, मग मला. लिफ्टमध्ये पाय टाकला की एखादा हळूच बाहेर पडतो. दवाखान्यात काट्यावर उभा राहिलो की नर्स दुसऱ्या नर्सकडे बघते. वर तसलं काही नाही. वर फक्त माझा हात दिसतो, आणि तो चांगला आहे."

एवढी वर्षं मी या माणसाच्या खाली उभा होतो आणि मला हे माहीत नव्हतं. "अहो, वजन उतरलं की कोण कशाला बघेल?" मी कसंबसं म्हणालो.

"मग लोंबणारं कातडं बघतील," म्हणाले, आणि पाना मागायला आलेल्या माणसासाठी उठले.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा त्या रुंद खुर्च्यांवर. दाजींनी चांगला शर्ट घातला होता. ते काय सांगणार, मला माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं. तिच्या हातातली पिशवी नुसती गोल गोल फिरत होती.

"एक विचारायचंय," दाजी म्हणाले. "बायपासनंतरची ती चक्कर. येणार हे आधी कळतं का?"

"बहुतेकांना कळतं. घाम येतो, हात थरथरतात. खाणं नीट सांभाळलं तर बऱ्याच जणांना तो त्रास होतही नाही."

"बहुतेकांना. म्हणजे सगळ्यांना नाही."

बाईंनी उगाच धीर दिला नाही. "सगळ्यांना नाही," म्हणाल्या. "आणि तुम्हाला होईल की नाही, हे आज मला सांगता येणार नाही."

दाजींनी मान हलवली. माझ्याकडे वळले. तोंडाकडे नाही, डोक्याकडे बघत होते. "खाली हा असतो," बाईंना म्हणाले. "हा असतो, सळई बांधणारे असतात, घमेली वाहणाऱ्या बायका असतात. त्यांना वर बघत काम करता येत नाही." मग खुर्चीत जरा सरळ बसले. "असं करा, मी पुन्हा क्रेनवर जाणार नाही असं धरा. नुसता एक माणूस आलाय, वजन आहे, साखर आहे, घशाशी येतंय. त्याला काय कराल?"

"बायपास," बाई म्हणाल्या. विचार करायला श्वाससुद्धा घेतला नाही.

"मग तेच करा."

"दाजी!" मी उभाच राहिलो. "अहो, कंपनीच्या डॉक्टरला एकदा विचारून तर बघू. वर्षभराने त्रास नसेल तर सोडतीलही वर. आत्ताच कशाला..."

"त्याने सोडलं तरी मी जाणार नाही. खाली बस."

मी बसलो. बाईंनी पुढचं सांगायला सुरुवात केली, आधी किती दिवस पातळ खायचं, नंतर काय, कुठल्या गोळ्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच, की हा माणूस आता कधीच वर जाणार नाही, आणि ते त्याने माझ्याकडे बघून ठरवलं.

बाहेर रक्त तपासणीची रांग होती. तिघांच्या बाकावर दाजी बसले आणि जवळजवळ बाक भरला. समोरच्या दोन बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. एक लहान मुलगी तर आ वासून बघत राहिली. दाजींनी खिशातून रुमाल काढला, उघडला, पुन्हा त्याची घडी घातली.

"आता दिवसभर खालीच," म्हणाले. "सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

आणि आठवडाभर गप्प असलेली ताई फुटली. "मग? बघू दे की! आणि मी? एवढी वर्षं साइटच्या फाटकाशी उभी राहून मान वर करून बघत आले मी. काय दिसायचं? एवढीशी काच. आत तुम्ही आहात, बरे आहात की मान टाकून पडलाय, काही कळायचं नाही. वारा सुटला की मी हातातलं काम टाकून रस्त्यावर यायचे, क्रेन हलतेय का बघायला. घरी आलात की खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून. जगाने बघितलेलं चालत नाही म्हणे! अहो, मला कधी बघायला मिळणार तुम्ही?"

सगळी रांग वळून बघायला लागली. दाजींचा चेहरा आधी ओठांपाशी हलला, आणि मग ते रडायला लागले. मोठ्याने, हुंदके देत, एवढा मोठा माणूस. रुमाल हातात होता, पण तोंड झाकलं नाही. मी उठून भिंतीकडे तोंड केलं, कारण माझंही काही खरं नव्हतं.

ताईने मला हाताने बाजूला सारलं आणि बाकावर जेवढी जागा उरली होती तेवढ्यात बसली. आतून नर्सने दाजींचा नंबर पुकारला. मग पुन्हा पुकारला.

"थांबा हो जरा," ताई म्हणाली.